जुना व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करताना

आजोबांचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर आणि त्यांनी प्लायवुडच्या खोक्यांत बसविलेले दोन स्पीकर वारशाने माझ्याकडे आले. त्यांच्या दुरुस्तीत जे शिकलो, ते थोडक्यात मांडतो.

ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये ट्रायोड व्हॉल्व्ह बनविला. त्यात तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन निघतात आणि मधली जाळी त्यांचा प्रवाह कमीअधिक करते. संच बंद पडला की आपण व्हॉल्व्हला दोष देतो. परंतु बहुधा आधी थकतात ते कंडेन्सर. व्हॉल्व्हला जोडणारा कागदी कंडेन्सर गळू लागला, की पुढच्या जाळीवर नको तो धन विद्युतदाब येतो. व्हॉल्व्हची प्लेट लालबुंद होते आणि ट्रान्सफॉर्मरही जळू शकतो.

म्हणून वर्षानुवर्षे बंद असलेला संच थेट विजेला जोडू नये. जुने कंडेन्सर बदलावेत. मग १०० वॅटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावून वीज द्यावी. बल्ब प्रखर पेटून राहिला, तर आत शॉर्ट आहे असे समजावे. वीज काढल्यावरही कंडेन्सरमध्ये सुमारे ३०० व्होल्ट उरू शकतात. ते रेझिस्टरमधून उतरवून मीटरने तपासल्यावाचून आत हात घालणे जिवावर बेतेल.

स्पीकरच्या पडद्यामागची ध्वनिलहर पुढच्या लहरीच्या उलट असते. खोके तिला अडविते, म्हणून डग्ग्याचा घुमार टिकतो. आमच्या खोक्यांचे उकललेले सांधे मी सरसाने बंद केले. प्लायवुड तेच ठेवले.

सगळेच बदलले तर वारसा उरत नाही आणि काहीच न बदलले तर संच वाजत नाही. म्हणून प्रत्येक भाग आधी तपासावा, मगच काढावा.