औषधाचा रेणू: विद्राव्यता आणि पकड

लखनौ शहरात गोमतीच्या काठी छत्तर मंझिल नावाचा नबाबी राजवाडा आहे. केंद्रीय औषध संशोधन संस्थेचे उद्घाटन १७ फेब्रुवारी १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते याच वास्तूत झाले, आणि जानकीपुरम विस्तारातील नव्या आवारात स्थलांतर होईपर्यंत सुमारे साठ वर्षे संस्थेचे कार्य तेथेच चालले. या संस्थेतून बाहेर पडलेल्या दोन औषधांच्या आधारे रेणूरेणूंतील आकर्षणाचा विचार येथे करावयाचा आहे.

रेणूच्या अंतर्गत अणूंना जोडणारे बंध बळकट असतात. पाण्यातील ऑक्सिजन-हायड्रोजन बंध तोडण्यास मोलमागे सुमारे ११० किलोकॅलरी ऊर्जा लागते. पाण्याच्या एका रेणूस शेजारच्या रेणूशी बांधणारा हायड्रोजन बंध मात्र जेमतेम ५ किलोकॅलरींचा असतो. औषधाचे भवितव्य बहुतांशी या दुबळ्या बंधांवरच अवलंबून असते.

पदार्थ विरघळतो तेव्हा त्याच्या स्फटिकातील रेणूंची परस्परांवरील पकड सुटावी लागते आणि विद्रावकाच्या रेणूंनाही त्यांच्यासाठी जागा करावी लागते. नव्याने जुळणाऱ्या संबंधांतून हा खर्च भरून निघाला, तरच पदार्थ विरघळतो. हिवतापावरील आर्टेमिसिनीन येथेच अडते. त्याच्या रेणूत ऑक्सिजनचे पाच अणू असले तरी हायड्रॉक्सिल गट एकही नाही. म्हणजे तो हायड्रोजन बंध स्वीकारू शकतो, देऊ शकत नाही. तो पाण्यात अत्यल्प विरघळतो आणि तेलातही पुरेसा विरघळत नाही. मेंदूच्या हिवतापाने बेशुद्ध पडलेल्या, गोळी गिळू न शकणाऱ्या रुग्णाला ते द्यावयाचे कसे?

लखनौच्याच केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेच्या सहकार्याने या प्रश्नाचे एक उत्तर मिळाले. आर्टेमिसिनीनमधील कार्बोनिल गटाचे क्षपण करून त्या जागी एथिल ईथर जोडला की आर्टीथर तयार होते. कार्बोनिल गटाचे ध्रुवीय आकर्षण नाहीसे होते, हायड्रोकार्बनी भाग वाढतो आणि रेणू तेलात सहज विरघळतो. परोपजीवीचा घात करणारा पेरॉक्साइड सेतू मात्र जसाच्या तसा राहतो. भुईमुगाच्या तेलात विरघळवलेले हे औषध स्नायूत टोचण्यासाठी १९९७ मध्ये बाजारात आले. अर्थात तेलाशी केलेल्या या सलगीची किंमतही द्यावी लागते: स्नायूतील तेलातून औषध रक्तात सावकाश उतरते, आणि अत्यवस्थ रुग्णात ते किती उतरेल याचा भरवसा नसतो. म्हणूनच तीव्र हिवतापात आज शिरेतून देता येणाऱ्या, पाण्यात विरघळणाऱ्या आर्टेसुनेटला प्रथम पसंती आहे.

दुसरे औषध सेंटक्रोमन हे होय. नित्य आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेला हा रेणू स्टेरॉइड नाही. तरीही तो स्त्रीमदजन हॉर्मोनाच्या ग्राहीत जाऊन बसतो. या ग्राहीची त्रिमितीय रचना १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातील पोकळीस आतून बहुतेक जलविरागी अमिनो अम्लांचे अस्तर आहे. ग्लुटामिक अम्ल, आर्जिनीन आणि हिस्टिडीन यांसारखे हायड्रोजन बंध जोडणारे घटक टोकांशी तेवढे आढळतात. तेलकट पृष्ठाभोवती पाण्याच्या रेणूंना अवघडून, शिस्तीने उभे राहावे लागते. औषध पोकळीत शिरताच त्यांची सुटका होते, आणि त्यांना लाभलेले हे स्वातंत्र्यच पकड घट्ट करणारे एक मोठे कारण ठरते.

पुढचे काम व्हान डर वाल्स आकर्षणाचे. अंतर दुप्पट झाले की या आकर्षणाची ऊर्जा चौसष्टपटीने घटते, त्यामुळे रेणू आणि पोकळी यांचे आकार नेमके जुळावे लागतात. सेंटक्रोमनची दोन प्रतिबिंबरूपे घटकांनी तंतोतंत सारखी आहेत. तरी वामावर्ती रूप ग्राहीस अधिक घट्ट धरते, ते यामुळेच. शरीरात त्याचा मिथिल गट निघून मोकळा होणारा फिनॉली हायड्रॉक्सिल गट तर हायड्रोजन बंध देऊ शकतो, आणि हे रूपांतरित द्रव्यही क्रियाशील असते.

रेणूच्या लांब बाहूच्या टोकास पायरोलिडिनाचा नायट्रोजन आहे. तो प्रोटॉन स्वीकारून धनभारित होतो. रॅलोक्सिफेन या सजातीय औषधात असाच बाहू ॲस्पार्टिक अम्लाच्या ऋणभाराशी जुळतो आणि ग्राहीचे झाकण नेहमीप्रमाणे मिटू देत नाही. मग हॉर्मोनाचा संदेश पुढे जात नाही. गोळीत सेंटक्रोमन हायड्रोक्लोराइड लवणाच्या रूपात असते, ते याच नायट्रोजनामुळे शक्य होते. एकच अणू विरघळण्यासही साहाय्य करतो आणि ग्राहीवरील परिणामासही.

शरीरातील सेंटक्रोमनचे प्रमाण निम्म्यावर येण्यास सुमारे एक आठवडा लागतो. त्याच्या जलविरागी स्वभावाचाही यात वाटा आहे. ‘सहेली’ या नावाने १९९१ मध्ये बाजारात आलेली आणि २०१६ पासून ‘छाया’ नावाने सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रमात समाविष्ट झालेली ही ३० मिलिग्रॅमची गोळी म्हणूनच रोज घ्यावी लागत नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा घेऊन शरीरात पुरेसा साठा झाला, की पुढे आठवड्यास एक गोळी पुरते.