अदृश्य ग्रहाचा माग

आश्विनातील निरभ्र रात्री माथ्यावर चार ताऱ्यांचा एक मोठा चौकोन दिसतो. पूर्वा भाद्रपदा व उत्तरा भाद्रपदा या नक्षत्रांचा तो चौकोन होय. त्याच्या पश्चिम बाजूस लागूनच एक अंधुक तारा आहे. त्याचे नाव ‘५१ पेगासी’. आपल्या सूर्याचा तो भाऊच शोभावा! त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचण्यास सुमारे ५० वर्षे लागतात.

सूर्याभोवती जसे ग्रह फिरतात, तसे इतर ताऱ्यांभोवतीही फिरत असतील काय, हा प्रश्न मनुष्याला शतकानुशतके पडला होता. परंतु ग्रह स्वयंप्रकाशी नसतो. ताऱ्याच्या प्रखर तेजापुढे तो लोपून जातो. मग त्याचा माग काढावा कसा?

याचे उत्तर फुगडीत सापडते. थोरली बहीण धाकटीशी फुगडी खेळू लागली, की धाकटी मोठ्या वर्तुळात गरगर फिरते. पण थोरलीही स्थिर राहत नाही, तीही लहानशा वर्तुळात फिरते. तारा व ग्रह यांचेही असेच आहे. ग्रह दिसला नाही, तरी ताऱ्याचे किंचित डोलणे त्याची साक्ष देते. तारा आपल्याकडे येत असला, की त्याच्या वर्णपटातील रेषा निळ्या टोकाकडे सरकतात. दूर जात असला, की तांबड्या टोकाकडे.

१९९४ साली जिनीव्हा वेधशाळेचे मिशेल मायोर व त्यांचे विद्यार्थी दिदिए केलोझ हे फ्रान्समधील एका वेधशाळेतून ताऱ्यांच्या अशा रेषा मोजू लागले. तेव्हा ५१ पेगासीच्या रेषा मागेपुढे सरकत असल्याचे केलोझ यांना आढळले. हिशेब केला, तो काय आश्चर्य! पृथ्वीहून सुमारे १५० पट जड असा एक ग्रह त्या ताऱ्याभोवती अवघ्या सव्वाचार दिवसांत प्रदक्षिणा पुरी करीत होता. सूर्याला अगदी जवळ असलेल्या बुधालाही ८८ दिवस लागतात. एवढा अवाढव्य ग्रह ताऱ्याच्या इतक्या निकट असणे त्या वेळी कोणास संभवनीय वाटत नव्हते. आपले यंत्रच बिघडले असावे, अशी धास्ती केलोझ यांना वाटली.

शोध तत्काळ जाहीर करण्याचा मोह कोणालाही झाला असता. परंतु पूर्वी अशा कित्येक घोषणा खोट्या ठरल्या होत्या. म्हणून गुरुशिष्यांनी धीर धरला. पुढे काही महिने तो तारा सूर्यप्रकाशामुळे दिसेनासा झाला. त्या अवधीत त्यांनी गणित मांडले आणि तारा पुन्हा दिसू लागेल तेव्हा त्याच्या रेषा कोठे असतील, हे आधीच ठरवून ठेवले. १९९५ च्या जुलै महिन्यात दुर्बीण पुन्हा त्या ताऱ्याकडे वळली. रेषा भाकिताप्रमाणेच सरकत होत्या!

ऑक्टोबरमध्ये हा शोध जगापुढे आला. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती फिरणारा, मनुष्यास ठाऊक झालेला तो पहिला ग्रह होय. २०१९ साली नोबेल पारितोषिकाने उभयतांचा गौरव झाला. आज अशा ५,००० हून अधिक ग्रहांची नोंद झाली आहे. जे गवसले तेही पुन्हा पारखून घेण्याचा धीर त्या दोघांनी दाखविला, म्हणूनच जगाने त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला.

स्वाध्याय

१. ग्रह दिसत नसताही त्याचे अस्तित्व कसे कळते? फुगडीच्या दृष्टान्ताने स्पष्ट करा.
२. केलोझ यांना आपल्या यंत्राविषयी शंका का आली?
३. गुरुशिष्यांनी शोध लगेच जाहीर का केला नाही? त्यांचे करणे तुम्हांस योग्य वाटते काय? कारणे द्या.
४. वाक्यांत उपयोग करा : माग काढणे, साक्ष देणे, धीर धरणे.