ओळखीचा माणूस आणि 13 टक्के

प्रश्न : मी मूळची नांदेड जिल्ह्यातली. लातूरला एका क्लासच्या ऑफिसात काम करते. खोलीभाडं, मेस आणि घरी पाठवायचे पैसे जाऊन महिन्याला चार हजार उरतात. गावी कोरडवाहू शेती आहे. मावसभाऊ म्हणतो, आमच्या पतसंस्थेत ठेव, 13 टक्के देतो. रूममेट मोबाइलवर ऑप्शन करते. आईचं एकच, सोनं घे. सुरुवात कुठून करू? – एक वाचक, लातूर

उत्तर : तुमच्या तीन सल्लागारांत मला सगळ्यात जास्त भीती मावसभावाची वाटते. तो लबाड आहे म्हणून नव्हे. त्यानं स्वतःच्या आईचे पैसेही तिथंच ठेवले असतील. पण आपल्याकडे पैसा ठेवताना माणूस बघतात. पिग्मी एजंट गल्लीतला, मॅनेजर पाहुण्यांतला, चेअरमन लग्नात आहेर करून गेलेला. पावतीच्या मागं कोणता कायदा उभा आहे, हे विचारणं म्हणजे जणू अविश्वास दाखवणं.

2023 मध्ये बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटचे व्यवहार ठप्प झाले आणि 12 ते 14 टक्क्यांच्या आशेनं ठेवी ठेवलेले लाखो लोक अडकले. त्याच वर्षी छत्रपती संभाजीनगरात आदर्श नागरी पतसंस्थेचा घोटाळा उघडकीला आला. तिथंही ठेवीदार ओळखीवरच गेले होते.

आता कायद्याचं. बँकेतल्या ठेवीला, मग ती बँक सहकारी का असेना, डीआयसीजीसी या रिझर्व्ह बँकेच्या उपकंपनीचा विमा असतो. फेब्रुवारी 2020 पासून तो दर बँकेमागं दर ठेवीदाराला व्याजासकट पाच लाखांपर्यंत आहे. त्याआधी कित्येक वर्षं एकच लाख होता. पतसंस्था, मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटी आणि नावात ‘निधी’ असलेल्या कंपन्या यांना हा विमा नाही. पतसंस्थेवर राज्याच्या सहकार खात्याची देखरेख, मल्टिस्टेटवर दिल्लीतल्या केंद्रीय निबंधकांची. मावसभावाला एवढंच विचारा : डीआयसीजीसीचा विमा आहे का? ‘आपली स्वतःची मोठी इमारत आहे’ असं उत्तर आलं, तर विमा नाही असं समजा.

शिवाय 13 टक्क्यांचा हिशेब करून बघा. तुम्हाला 13 द्यायचे, वर पगार, भाडं, एजंटचं कमिशन काढायचं, तर संस्थेला कर्ज 16-17 टक्क्यांच्या खाली देऊन चालणार नाही. एवढ्या व्याजानं बहुतेक तोच कर्ज काढतो, ज्याला बँकेनं दारात उभं केलेलं नसतं. म्हणजे तुमची ठेव शेवटी त्याच्या हातात जाते. सगळ्या पतसंस्था वाईट नसतात, वर्षानुवर्षं चोख चालणाऱ्याही आहेत. पण ही पारख आयुष्यातल्या पहिल्या बचतीवर करायची नसते.

रूममेटचं थोडक्यात. सेबीनं सप्टेंबर 2024 मध्ये जाहीर केलेल्या पाहणीत, आधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन करणाऱ्या दर 100 वैयक्तिक ट्रेडरपैकी 93 तोट्यात होते. ती उरलेल्या सातांत असेल तर तिचं अभिनंदन करा आणि ॲप उतरवू नका.

आई तितकी चुकत नाही. फक्त दागिना घेतला की घडणावळ आणि 3 टक्के जीएसटी सराफ्यातच राहतो. अंगावर घालायचा असेल तर हौसेनं घ्या, त्याला गुंतवणूक म्हणू नका.

मग चार हजारांचं काय? पुस्तकं सांगतात, तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा. ती पुस्तकं पगारदार घरांसाठी लिहिलेली असतात. तुमच्या घरी जूनमध्ये बियाणं-खत लागतं, सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या पुढंमागं येतात आणि पाऊस हुकला तर येतही नाहीत. अशा घरात तुमचा पगार हाच पीकविमा असतो. म्हणून सहा महिन्यांचा खर्च साठेपर्यंत चारातले तीन हजार पोस्टाच्या नाही, बँकेच्या आरडीत टाका. पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते. बँकेत वर्षाची मिळते. ती मे अखेरीस पिकेल अशी उघडा. मृग लागायच्या आत गावाकडून फोन येणारच. तेव्हा पैसे हाताशी असले, तर सावकाराकडे जावं लागत नाही आणि बाकीची गुंतवणूकही मोडावी लागत नाही.

उरलेल्या हजाराचे दोन भाग करा. पाचशे पीपीएफमध्ये. वर्षाला किमान 500 आणि कमाल दीड लाख, मुदत 15 वर्षं. व्याज सरकार दर तिमाहीला ठरवतं, एप्रिल 2020 पासून ते 7.1 टक्के आहे. दुसरे पाचशे निफ्टीच्या इंडेक्स फंडात, एसआयपीनं. हा भाग खालीवर होईल, कधी पोटात गोळा येईल इतका. 20 जानेवारी 2020 ला 42 हजारांवर गेलेला सेन्सेक्स 23 मार्चला 26 हजारांच्या खाली बंद झाला होता. त्या वेळी घाबरून काढून घेणाऱ्यांचा तोटा पक्का झाला, थांबलेल्यांचा वर्ष संपायच्या आत भरून निघाला. म्हणून इथं फक्त तोच पैसा, जो सात-आठ वर्षं लागणार नाही.

फंड घेताना ‘डायरेक्ट’ योजना निवडा. 2013 पासून ती सगळ्या म्युच्युअल फंडांना द्यावीच लागते. तिच्यात मध्यस्थाचं कमिशन नसतं. फरक समजा एक टक्का असेल, तर पगार वाढल्यावर दरमहा 2 हजार याप्रमाणे 25 वर्षांत तुम्ही सहा लाख भराल. वाढ 12 टक्के धरली तर त्याचे सुमारे 38 लाख होतात, 11 टक्के धरली तर सुमारे 32 लाख. ही हमी नाही, नुसतं गणित आहे. तरी एका टक्क्यानं तुम्ही भरलेल्या एकूण रकमेएवढे पैसे जातात, हे लक्षात येईल.



राहिला मावसभाऊ. नाही म्हणायला जड जाईल, हे मी जाणतो. त्याला सांगा, पैसे पीपीएफमध्ये गुंतलेत, इतक्यात निघत नाहीत. खोटंही होणार नाही आणि दिवाळीला त्याच्याकडे फराळालाही जाता येईल.