चौकटींचा हिशेब

चलच्चित्र म्हणजे वस्तुतः स्थिर चित्रांची माळ. त्यातील एकेका चित्राला आपण चौकट म्हणू. सेकंदाला जितक्या चौकटी टिपल्या तितक्याच दाखविल्या, तरच पडद्यावरचा काळ खरा ठरतो. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला. त्या मूकपटांच्या जमान्यात कॅमेऱ्याची मूठ हाताने फिरवीत व सेकंदाला साधारणपणे १६ चौकटी टिपल्या जात. पुढे बोलपटांमुळे २४ चौकटींचे प्रमाण रूढ झाले. १६ च्या गतीने टिपलेला एका मिनिटाचा प्रसंग २४ च्या गतीने दाखविला की ४० सेकंदांतच संपतो. जुन्या मूकपटांतील माणसे तुरुतुरु चालताना दिसतात, ती या हिशेबामुळे.

आज कॅमेरा आपल्या खिशात आहे. अक्कलकुवा तालुक्यातील काठीची राजवाडी होळी आणि सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा आपले अनेक विद्यार्थी टिपून आणतात. मात्र टिपणी ढोलावर पडलेली दिसते आणि आवाज मागाहून येतो, असे चित्रण पाहून उद्या कोणी नाच शिकू लागला तर तो चुकीचा ठेकाच शिकेल. म्हणून या दोषांची चिकित्सा कशी करावी, ते मी येथे क्रमाने मांडतो.

पहिली परीक्षा अडखळण्याची. चित्रण दोनदा लावून पाहावे. दर वेळी निराळ्या ठिकाणी अडखळत असेल तर बहुधा संगणकाची शक्ती अपुरी पडते. चित्रण निर्दोष असते. दोन्ही वेळा, आणि दुसऱ्या संगणकावरही, नेमके त्याच जागी अडखळले तर टिपतानाच चौकटी गळाल्या असाव्यात. कॅमेऱ्यातील कार्ड मंदगती असले की असे घडते. गळालेल्या चौकटी परत मिळत नाहीत. पुढच्या वेळी वेगवान कार्ड वापरावे.

दुसरी परीक्षा लुकलुकण्याची. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने तिच्यावर चालणारे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्यांना ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळते. ३० चौकटींच्या चित्रणात शटर १/६० सेकंद ठेवले तर प्रत्येक चौकटीच्या वाट्याला सारखा प्रकाश येत नाही आणि चित्र लुकलुकते. शटर १/५० ठेवले की प्रत्येक चौकटीत प्रकाशाचे बरोबर दोन ठोके मावतात व चित्र स्थिर होते. आपल्याकडे २५ चौकटी आणि १/५० ही जोडी सोयीची. होळीच्या जाळाला मात्र हा नियम लागू नाही; त्याचे लुकलुकणे खरेच असते.

तिसरी परीक्षा धक्क्यांची. ३० चौकटींचे चित्रण २५ च्या संकलनात घातले की सेकंदाला ५ चौकटी वगळल्या जातात. उभ्या माणसाच्या चित्रात ते जाणवत नाही. धावणाऱ्या घोड्याच्या चालीत मात्र बारीक हिसके दिसतात. यासाठी सर्वांनी मिळून टिपायचे असेल तर चौकटींचे प्रमाण आधीच ठरवून घ्यावे.

चौथी परीक्षा आवाजाची. अनेक मोबाइल अंधारात चौकटींची संख्या आपोआप कमी करतात व उजेड येताच वाढवितात. संकलनाची आज्ञावली ती संख्या कायम आहे असे धरून चालली, तर चित्र आणि ढोल यांची फारकत होते. 'मीडियाइन्फो' या आज्ञावलीत चित्रणाचे प्रमाण स्थिर आहे की बदलते, ते दिसते. बदलते असल्यास 'हँडब्रेक'सारख्या साधनाने आधी स्थिर करून घ्यावे, मगच कापाकापी करावी. आणखी एक बारकावा असा की, ३० म्हणून सांगितलेले प्रमाण पुष्कळदा २९.९७ असते. ते ३० धरले तर तासाभरात चित्र आवाजाच्या ३.६ सेकंद पुढे जाते. दहा मिनिटांत हा फरक ०.६ सेकंद, म्हणजे ठेका चुकायला पुरेसा.

मूळ चित्रण मात्र कधीही पुसू नये. हिशेब चुकला तरी तो मूळ प्रतीवरून पुन्हा मांडता येतो. आज होळीत ढोल वाजविणारे वृद्ध हात आणखी किती वर्षे दिसतील, कोण सांगणार? त्यांचा ठेका पुढच्या पिढीला जसाच्या तसा मिळावा, यासाठी एवढी दक्षता आपण घ्यायलाच हवी.