मालवाहू डिझेल गाडीची पारख

बाजारात नारळ घेताना आपण तो कानाशी धरून हालवून पाहतो. मडके घेताना बोटाने टिचकी मारून त्याचा नाद ऐकतो. परंतु लाखो रुपयांची मालवाहू गाडी घेताना मात्र आपली मंडळी तिचा ताजा रंग पाहून भुलतात आणि बयाणा देऊन मोकळी होतात. ज्या घराचा चरितार्थ गाडीवर चालतो, त्या घराला ही चूक किती महाग पडते, हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे. म्हणून मी कला शाखेचा पदवीधर असूनही ह्या विषयावर लिहिण्याचे धाडस करीत आहे.

२०१८ साली माझ्या धाकट्या भावाने एक जुनी डिझेल गाडी घेतली. डिचोलीहून नारळ भरून चोर्ला घाटाने बेळगावास न्यावेत आणि येताना तेथील भाजी आणावी, असा त्याचा बेत होता. पैसे पुरेनात, तेव्हा आईने आपल्या पाटल्या गहाण ठेवण्यास काढून दिल्या. गाडी पाहावयास आम्ही गेलो, तेव्हा विकणाऱ्याने इंजिन आधीच चालू करून ठेवले होते. ते एका हाकेसरशी सुरू झाले, ह्याचेच आम्हांस कौतुक वाटले! पुढे आषाढात भरल्या गाडीने घाट चढताना पाणी उकळले, गॅस्केट जळाले आणि गाडी वळणावर बंद पडली. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत गेला. महिनाभर धंदा बुडाला, तो वेगळाच. त्यानंतर गावच्या एका वृद्ध मेस्त्रींनी आम्हांस जे शिकविले, तेच येथे क्रमाने मांडतो.

प्रथम ह्या यंत्राची ओळख करून घेऊ. रुडॉल्फ डिझेल ह्या जर्मन अभियंत्याचा जन्म १८५८ साली पॅरिस येथे झाला. १८९३ मध्ये त्याला आपल्या कल्पनेचे एकस्व मिळाले आणि १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे त्याचे इंजिन यशस्वी रीतीने चालले. १९१३ साली इंग्लंडला जाताना तो बोटीवरून नाहीसा झाला. त्याचे नाव मात्र जगभरच्या रस्त्यांवर राहिले. आपण ज्याला सहजपणे 'टेंपो' म्हणतो, तो शब्दही मूळचा हॅम्बुर्ग येथील एका कारखान्याच्या गाड्यांचे नाव होय. त्या कारखान्याच्या सहकार्याने १९५८ साली आपल्याकडे बजाज टेंपो ही कंपनी निघाली, आणि तिच्या गाड्यांचे नाव लोकांनी सर्वच लहान मालगाड्यांना बहाल केले.

सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचे तोंड तापते, हा अनुभव तुम्हां सर्वांना असेल. हवा दाबली की ती तापते, हेच डिझेल इंजिनाचे मर्म आहे. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडून इंधन पेटवावे लागते. डिझेलच्या इंजिनात हवा तिच्या मूळ आकारमानाच्या सुमारे पंधराव्या ते विसाव्या हिश्श्याइतकी दाबली जाते. तिचे तपमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जाते, आणि त्या तप्त हवेत डिझेलचा सूक्ष्म तुषार सोडताच तो आपोआप पेट घेतो. एवढ्या दाबामुळे इंधनातील शक्तीचा मोठा हिस्सा कामी येतो, आणि चाक सावकाश फिरत असतानाही ओढ चांगली मिळते. ओझे घेऊन घाट चढणाऱ्याला हीच ओढ हवी असते. परंतु ह्याच दाबामुळे इंजिनाचे भाग भक्कम, म्हणून जड व महाग करावे लागतात.

तेव्हा पहिला प्रश्न 'कोणती गाडी घ्यावी' हा नसून 'डिझेलची घ्यावी की नाही' हा आहे. समजा, डिझेल गाडी पेट्रोल गाडीहून ६०,००० रुपयांनी महाग आहे आणि प्रत्येक किलोमीटरमागे २ रुपये वाचविते. म्हणजे जादा किंमत भरून निघण्यास ३०,००० किलोमीटर धावले पाहिजे. जो रोज १०० किलोमीटर धावतो, त्याची ही रक्कम ३०० दिवसांत वसूल होते. पण जो गावातल्या गावात रोज १५ किलोमीटर फिरतो, त्याला २,००० दिवस, म्हणजे जवळजवळ साडेपाच वर्षे लागतात.

ह्यात आता आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर धुराचे 'भारत स्टेज सहा' हे कडक नियम लागू झाले. त्यामुळे नव्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या मार्गात काजळी अडविणारी गाळणी असते. तीत साचलेली काजळी गाडी सलग व भरधाव चालली म्हणजे उष्णतेने जळून जाते. थांबत थांबत थोडेच अंतर जाणाऱ्या गाडीत ती साचत राहते आणि गाळणी तुंबते. काही गाड्यांत युरियाचे द्रावणही वेगळ्या टाकीत भरावे लागते. म्हणून बाजारपेठेतल्या बाजारपेठेत माल पोचविणाऱ्या दुकानदाराने पेट्रोल, सीएनजी किंवा विजेवरील गाडीचा विचार करावा. लांबच्या रोजच्या फेऱ्या करणाऱ्याने डिझेलचा.

दुसरा प्रश्न वजनाचा. गाडीच्या नोंदणीपत्रावर भरल्या गाडीचे कमाल वजन आणि रिकाम्या गाडीचे वजन, असे दोन आकडे असतात. त्यांची वजाबाकी म्हणजे गाडीची वाहण्याची शक्ती; आणि त्यातूनच चालक व हमाल ह्यांचे वजनही वजा करावयाचे असते. २५०० मधून १४०० वजा केले तर ११०० किलो उरतात. पण आत दोन माणसे बसली की माल भरावयाचा तो सुमारे साडेनऊशे किलोच. नाकापेक्षा मोती जड झाला, की पाटे बसतात, टायर फाटतात आणि उतारावर ब्रेक तापून निकामी होतात.

तिसरी गोष्ट, जवळची दुरुस्ती. ज्या गाडीचे सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात आणि जिची खोड ओळखणारा मेस्त्री जवळ आहे, ती साधी गाडी दूरच्या शहरातून भाग मागवाव्या लागणाऱ्या नामांकित गाडीपेक्षा अधिक भरवशाची समजावी. गाडी उभी राहिली की हप्ता उभा राहत नाही!

आता जुन्या गाडीची परीक्षा. ती सकाळी, इंजिन थंड असताना करावी. बॉनेटवर हात ठेवून पाहावा. तो कोमट लागला तर परत फिरावे आणि दुसऱ्या दिवशी न कळविता जावे. थंड असतानाच रेडिएटरचे झाकण काढून पाहावे. पाण्यावर तेलाचा तवंग असेल, किंवा तेलाच्या झाकणाखाली दुधासारखा पांढरट चिखल असेल, तर पाणी व तेल आत एकत्र होत असण्याचा संभव असतो. आमच्या गाडीचा रोग हाच होता, आणि तो पाहण्यास एक मिनिट पुरे झाले असते.

मग इंजिन सुरू करून धूर पाहावा. काळा धूर म्हणजे इंधन पुरते जळत नाही. निळसर धूर म्हणजे इंजिनाचे तेल जळत आहे. आणि इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर इंधन न जळताच बाहेर पडत आहे किंवा पाणी आत शिरत आहे. इंजिन चालू असताना तेलाचे झाकण सैल करावे. तेथून जोराने वाफारे येऊ लागले तर आतील रिंगा झिजल्या आहेत असे समजावे.

आपल्या किनारपट्टीवर खारा वारा व चार महिन्यांचा पाऊस असल्याने गाडीखाली वाकून चासी पाहणे अत्यावश्यक आहे. ताजा काळा रंग दिसला तर हलकेच ठोकून पाहावे; गंज रंगाखाली लपतो, नादाखाली लपत नाही. टायर एकाच कडेने झिजले असतील तर पुढील भागात दोष असतो. शेवटी गाडी भरून चढावर चालवून पाहावी. रिकामी गाडी सपाटीवर सर्वांचीच चांगली चालते.

कागदपत्रांत नोंदणीपत्र, विमा, रस्ताकर, परवाना आणि योग्यता प्रमाणपत्र पाहावे. मालवाहू गाडी आठ वर्षांची होईपर्यंत हे प्रमाणपत्र दोन दोन वर्षांचे, आणि पुढे दरवर्षी नवे घ्यावे लागते. नोंदणीपत्रावर बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याशिवाय पैसे देऊ नयेत. गाडी परराज्यातील असल्यास तेथील ना-हरकत पत्रही हवे.

घेतल्यावरही निगा हवीच. डिझेल सोडणाऱ्या नळ्यांची छिद्रे अतिशय बारीक असतात. इंधनातील पाण्याचा अंशही त्यांना विषासारखा ठरतो. पावसाळ्यात इंधनगाळणीत साचलेले पाणी वेळोवेळी काढून टाकावे, आणि तेल ठरल्या वेळी बदलावे.

भावाने ती गाडी तोट्यात विकली आणि पुढे मेस्त्रींना बरोबर नेऊन दुसरी घेतली. तिचा रंग उडालेला होता; पण धूर स्वच्छ होता. त्याच गाडीने गेल्या वर्षी आईच्या पाटल्या सोडवून आणल्या.

विद्यार्थी मित्रहो, दिसते तसे नसते म्हणून जग फसते. भौतिकशास्त्राच्या तासाला शिकलेला हवेचा दाब आणि गणिताच्या तासाची वजाबाकी ही केवळ परीक्षेपुरती नाहीत. उद्या तुमच्या वडिलांनी किंवा काकांनी गाडी घ्यावयाचे ठरविले, तर तुम्हीही बरोबर जा, आणि सर्वांत आधी बॉनेटवर हात ठेवून पाहा.