भाड्याच्या खोल्यांचं आवार कमी खर्चात स्वच्छ कसं ठेवायचं?

व्हिडिओत हिशोब घाईत सांगितला, म्हणून इथे नीट मांडतोय.

चाकण, रांजणगावसारख्या एमआयडीसीच्या आजूबाजूला पाच-सहा खोल्या बांधून भाड्याने देणं हा अनेकांचा पहिला धंदा असतो. खोलीला रंग मारतात, आवार मात्र तसंच. पण खोली बघायला येणारा माणूस आवारातूनच आत येतो ना!

समजा सहा खोल्या आहेत, भाडं प्रत्येकी ५,००० रुपये. आठवड्यातून एकदा झाडलोटीला मावशी लावल्या, एका वेळेचे ३०० धरले, तर महिन्याचे १,२००. (आकडे तुमच्या गावचे घाला.) एक खोली महिनाभर रिकामी राहिली तर ५,००० गेले, म्हणजे चार महिन्यांच्या झाडलोटीपेक्षा जास्त. म्हणून खोलीमागे हे २०० रुपये भाडं ठरवतानाच धरा आणि करारात लिहा. नंतर वेगळे मागितले की वाद ठरलेला. भाडेकरूंनी पाळीपाळीने झाडायचं, हे मला पटत नाही. दोन पाळ्या चुकल्या की भांडण तुमच्या दारात.

आठवड्याची वेळ चुकवायची नाही, याला कारण आहे. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात. ड्रम, कुंडीखालची ताटली, जुने टायर दर आठवड्याला रिकामे करा. नुसतं पाणी ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटलेली असतात, घासावं लागतं. टाकीला घट्ट झाकण हवंच. एक भाडेकरू तापाने पडला की त्याची मजुरी बुडते, मग तुमचं भाडंही लांबतं.

मोठं काम मे महिन्यात उरका. गटार उपसा, खड्ड्यांत मुरूम टाकून दाबा, उतार रस्त्याच्या गटाराकडे काढा. सगळीकडे पेव्हर ब्लॉक कशाला? दारापासून नळापर्यंत फरशीचे तुकडे टाकले तरी चिखल घरात येत नाही.

गाजर गवत फुलायच्या आत मुळासकट उपटा, फुललं की बी पसरलंच. हातमोजे घाला, अंगाला खाज सुटते. पालापाचोळा जाळू नका, घनकचरा नियमांत त्याला मनाई आहे. कोपऱ्यात खड्डा करून त्यात टाका, वर थोडी माती आणि शेण. काही महिन्यांत खत होतं.

आणि हो, मावशींचे पैसे काम झालं की त्याच दिवशी द्या. महिनाअखेरपर्यंत थकवले तर पुढच्या आठवड्यात झाडू तुमच्याच हातात!