एका दमात एक पान

वाचकहो, आम्ही पुण्याच्या खडकीत राहतो. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशवे आणि इंग्रज यांची लढाई इथेच झाली. पुढे १८६९ साली इथे दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. आमचीही इथे एक लढाई चालू आहे. ती श्वासाची. आम्हाला दमा आहे. आणि मनात एक स्वप्न आहे, लहान मुलांसाठी चित्रांची पुस्तकं लिहायचं. या दोहोंचा मेळ कसा घालावा, ते या पाठात पाहू.

आधी दमा म्हणजे काय ते समजून घेऊ. शेताला पाणी देण्याची रबरी नळी डोळ्यांपुढे आणा. ती आतून गाळानं भरली आणि वरून कुणी दाबून धरली, तर पाणी कसं येईल? बारीक धारेनं येईल. दम्यात छातीतल्या श्वासनळ्यांचं असंच होतं. त्या आतून सुजतात, आवळतात, त्यांत चिकट कफ साठतो. मग छातीत सूं सूं वाजतं, धाप लागते. चुलीचा धूर, विडीचा धूर, धूळ, थंड वारा, भिंतीची ओल यांनी दमा उसळतो. पण तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. दमेकऱ्याच्या ताटात जेवलं तरी होत नाही. दमा बहुधा मुळापासून जात नाही, पण ताब्यात मात्र राहतो.

त्यासाठी तोंडानं ओढायचा पंप असतो. लोक म्हणतात, "पंपाची सवय लागते बरं!" हे खरं नव्हे. पंपातलं औषध थेट श्वासनळ्यांत जातं, म्हणून थोडंसंच पुरतं. एक औषध सूज उतरवतं. ते डॉक्टरांनी सांगितलं तसं, बरं वाटत असतानाही घ्यायचं. दुसरं धाप लागल्यावर लगेच आराम देतं. बरं वाटलं म्हणून पहिलं औषध आपल्या मनानं सोडलं, की सूज पुन्हा वाढते. बोलताना वाक्य पुरं होईना, ओठ निळे पडले, पंपानंही आराम पडेना, तर १०८ क्रमांकावर फोन करून गाडी बोलवावी. अशा वेळी दुखणं अंगावर काढलं तर ते जिवावर बेततं.

आता पुस्तकाकडे वळू. युरोपात कोमेनियस नावाच्या शिक्षकानं १६५८ साली मुलांसाठी चित्रांचं पुस्तक छापलं. चित्र पाहावं आणि शब्द शिकावा, ही त्याची युक्ती. आपल्या पुण्याच्या माधुरी पुरंदरे मुलांसाठी लिहितात आणि चित्रंही स्वतः काढतात. 'राधाचं घर' हे त्यांचंच पुस्तक. त्यांना २०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. घरातली साधी माणसं आणि रोजचं जगणं यांतूनही छान पुस्तक होतं, हे आम्ही त्यांच्याकडून शिकलो.

दमा असलेल्या मुलाला खेळताना सगळे म्हणतात, "तू बस." त्या पोराला वाटतं, आपलंच काही तरी चुकलं. आमच्या पुस्तकातलं मूल असं बसून राहणार नाही. त्याच्या दप्तरात पंप असेल आणि तेही खेळेल.

पुस्तक करायची रीत सोपी आहे. चार कागद एकावर एक ठेवावेत, मधोमध दुमडावेत आणि घडीवर दोरा घालून शिवावेत. १६ पानांची वही तयार होते. खडूची धूळ आमच्या छातीला सोसत नाही, म्हणून आम्ही रंगीत पेन्सिली वापरतो. एका पानावर एकच चित्र काढावं. त्याखाली एका दमात वाचता येईल एवढंच वाक्य लिहावं. हा नियम आम्हाला आमच्या छातीनंच शिकवला. लांब वाक्य वाचताना नव्यानं अक्षरं लावणाऱ्या मुलालाही धाप लागतेच की! छाती भरली असेल त्या दिवशी आम्ही लिहीत नाही. मोकळ्या दिवशी एक पान लिहितो. अशा १६ दिवसांत पुस्तक पुरं होतं.

तुम्हीही आता लिहू वाचू लागला आहात. घरातल्या मुलासाठी असं एक पुस्तक करा. त्यात तुमची गाय असू द्या, विहीर असू द्या, आजी असू द्या. घाई नको. दमानं घ्या, पण हातचं सोडू नका.

विचार करा आणि सांगा :
१. दम्यात श्वासनळ्यांचं काय होतं?
२. बरं वाटलं तरी औषध आपल्या मनानं का सोडू नये?
३. तुमच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर कोणतं चित्र असेल? त्याखाली एक वाक्य लिहा.